फुटबॉलपटूच्या कारकिर्दीचा तक्ता कसा मांडावा आणि कसा वाचावा

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या ओसरीत दर महिन्याला एका फुटबॉलपटूच्या कारकिर्दीचे भित्तिपत्रक लावले जाते आणि ते मुले स्वतः तयार करतात. गाव यवतमाळ जिल्ह्यातले, कापूस, सोयाबीन आणि तुरीचे. शाळेमागचे मैदान काळ्या मातीचे असल्यामुळे पावसाळ्यात चिखल बुटांना सोडत नाही आणि मे महिन्यात त्याच जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. नागपूर आणि कामठी येथे फुटबॉलची जुनी परंपरा आहे, परंतु आमच्या तालुक्यात हा खेळ मुख्यतः मोबाइलच्या पडद्यावरून आला आणि पडद्यावर सर्वाधिक दिसते ती इंग्लंडची लीग. म्हणून भित्तिपत्रकासाठी मुले इंग्लिश खेळाडूच निवडतात.

पहिल्या वर्षी हे काम आम्ही चुकीच्या पद्धतीने केले. इंटरनेटवरचा तयार तक्ता पाहून मुले तो जसाच्या तसा उतरवत आणि त्यातून दहा क्लबांची नावे आणि वीस आकडे यांपलीकडे वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नसे. पुढे लक्षात आले की तक्त्यातील प्रत्येक ओळ बदलते तिथे काहीतरी घडलेले असते: कोणाला क्लबने मोकळे केलेले असते, कोणाला मोठी रक्कम मोजून नेलेले असते, कोणाचा क्लबच खालच्या स्तरात गेलेला असतो. ओळ का बदलली हे सांगता आले नाही तर तक्ता मांडणे व्यर्थ आहे, हे माझे ठाम मत झाले आहे. ही रीत इतर गावांतील शाळांना आणि वाचनालयांना उपयोगी पडावी म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

खेळाडूची निवड आणि कागदाची आखणी

सुरुवातीला असा खेळाडू निवडावा ज्याने अनेक क्लब पाहिले आहेत आणि जो वेगवेगळ्या स्तरांवर खेळलेला आहे. एकाच मोठ्या क्लबात सारे आयुष्य घालवलेल्या खेळाडूचा तक्ता मांडायला सोपा जातो, पण त्यातून शिकण्यासारखे थोडे असते. आम्ही नमुना म्हणून जेमी व्हार्डी घेतला. ११ जानेवारी १९८७ रोजी शेफील्ड येथे जन्मलेला हा आघाडीचा खेळाडू इंग्लिश फुटबॉलच्या आठव्या स्तरापासून पहिल्या स्तराच्या विजेतेपदापर्यंत पोचला. जिना चढल्यासारखी अशी कारकीर्द क्वचितच पाहायला मिळते.

मोठा कार्डशीट आडवा घेऊन त्यावर सात रकाने आखावेत: हंगाम, क्लब, स्तर, सामने, गोल, कसा आला, का गेला. पहिल्या पाच रकान्यांचा मजकूर कोठेही तयार मिळतो. शेवटचे दोन रकाने मात्र वाचून, शोधून आणि पडताळून भरावे लागतात, म्हणून त्यांची रुंदी इतरांच्या दुप्पट ठेवावी. आमच्या मुलांनी प्रथम सर्व रकाने सारखे आखले होते आणि मग कारणे समासात बारीक अक्षरांत कोंबावी लागली.

हंगाम हा रकाना

इंग्लंडमधील हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात संपतो, त्यामुळे ‘२०११–१२’ हा एकच हंगाम आहे, दोन वर्षे नव्हेत. ही गोष्ट समजावून सांगायला मला फार वेळ लागेल असे वाटले होते, पण एका मुलानेच ती सोडवली. त्याचे वडील सालगडी आहेत. ‘‘सर, आमच्या बाबाचं साल पाडव्याले सुरू होते अन् पुढच्या पाडव्याले संपते, तसंच हे जी,’’ असे तो म्हणाला आणि सगळ्यांना उमगले. सालगड्याचे साल जसे कॅलेंडरच्या जानेवारीशी बांधलेले नसते तसेच फुटबॉलचेही नसते. खेळाडूचा करारही बहुधा हंगामाच्या अखेरीस, म्हणजे जून महिन्यात संपतो.

हीच उपमा पुढेही कामी येते. साल पूर्ण झाले की गडी दुसऱ्या शेतकऱ्याकडे जायला मोकळा असतो, परंतु साल मध्येच सोडायचे असेल तर उचल कोणी फेडायची हा प्रश्न उभा राहतो. खेळाडूचेही तसेच आहे. करार चालू असताना दुसऱ्या क्लबला तो हवा असेल तर चालू क्लबला रक्कम द्यावी लागते आणि करार संपल्यावर तो रकमेशिवाय जाऊ शकतो. करार संपलेल्या खेळाडूला रकमेविना जाता येणे हे युरोपात १९९५ च्या डिसेंबरातील बॉसमन खटल्याच्या निकालामुळे पक्के झाले. त्याआधी करार संपला तरी जुना क्लब नव्या क्लबाकडे रक्कम मागू शकत असे. १९९५ पूर्वीच्या खेळाडूचा तक्ता मांडताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

एखाद्या क्लबापुढे ‘२०१२–२०२५’ असे लिहिलेले असेल तर वजाबाकी करून हंगाम मोजावेत. व्हार्डी लेस्टर सिटीकडे २०१२–१३ पासून २०२४–२५ पर्यंत, म्हणजे तेरा हंगाम खेळला.

स्तर हा रकाना सर्वांत आधी भरावा

माझ्या अनुभवात नव्वद टक्के गैरसमज येथे होतात, म्हणून या रकान्यावर मी मुलांना दोन संध्याकाळी बसवतो. इंग्लंडमधील फुटबॉल ही अनेक मजल्यांची इमारत आहे. सर्वांत वर वीस क्लबांची प्रीमियर लीग, तिच्याखाली प्रत्येकी चोवीस क्लबांच्या चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू आहेत. असे हे चार स्तर मिळून ब्याण्णव क्लब होतात. पाचव्या स्तरावर नॅशनल लीग, सहाव्यावर तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन विभाग, आणि सातव्या स्तरापासून प्रदेशाप्रदेशाच्या लीग सुरू होतात. या खालच्या क्लबांतील बहुतेक खेळाडू दिवसा दुसरी नोकरी करतात आणि संध्याकाळी सराव करतात. दरवर्षी तळाचे क्लब खालच्या स्तरात जातात आणि वरच्या क्रमांकाचे क्लब वर चढतात. आपल्याकडील मोठ्या क्रिकेट स्पर्धांत संघांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षीही तेथेच दिसतो. इंग्लंडमध्ये तसे होत नाही आणि खेळाडूंच्या अनेक बदल्यांचे मूळ नेमके तेथे असते.

स्तराचा रकाना नावाने भरू नये, आकड्याने भरावा. कारण नावे बदलत आली आहेत. १९९२ मध्ये प्रीमियर लीग स्थापन झाली तेव्हा जुनी दुसरी डिव्हिजन ‘पहिली डिव्हिजन’ या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि २००४ मध्ये तिलाच ‘चॅम्पियनशिप’ म्हणू लागले. म्हणजे १९८५ च्या तक्त्यात ‘पहिली डिव्हिजन’ असेल तर स्तर पहिला, १९९९ च्या तक्त्यात तेच शब्द असतील तर स्तर दुसरा, आणि २०१० मध्ये ‘लीग वन’ दिसले तर स्तर तिसरा. हे न पाहिल्यामुळे आमच्या भित्तिपत्रकावर एकदा एका खेळाडूला पहिल्या स्तराचे श्रेय देण्यात आले होते जे त्याचे नव्हते, आणि ती चूक महिनाभर भिंतीवर राहिली. मला आजही त्याचे वाईट वाटते, कारण मुलांनी विश्वासाने लिहिलेला आकडा मी तपासला नव्हता.

स्तर लिहिला की आकड्यांचा अर्थच बदलतो. व्हार्डीने २०११–१२ मध्ये फ्लीटवुड टाउनसाठी लीगच्या ३६ सामन्यांत ३१ गोल केले आणि २०१४–१५ मध्ये लेस्टरसाठी ३४ सामन्यांत अवघे ५ गोल केले. नुसते आकडे पाहणाऱ्याला वाटेल की खेळाडू बिघडला. स्तर पाहिला तर दिसते की पहिला आकडा पाचव्या स्तरावरचा आहे आणि दुसरा पहिल्या स्तरावरचा.

सामने आणि गोल

तयार तक्त्यात हे दोन आकडे बहुधा ‘३६ (३१)’ असे लिहिलेले असतात. कंसाबाहेर सामने आणि कंसात गोल असा त्याचा अर्थ. पण आमची मुले क्रिकेटच्या धावफलकावर वाढलेली आहेत आणि तेथे कंसाबाहेर धावा व कंसात चेंडू असतात. त्यामुळे ‘‘सर, यानं तर एकतीस मॅचमंधी छत्तीस गोल हानले!’’ असे एकाने आनंदाने ओरडून सांगितले. त्याची चूक स्वाभाविक होती. म्हणून आमच्या तक्त्यात आम्ही कंसच ठेवत नाही, दोन स्वतंत्र रकाने करतो. कोठे ‘२९+८’ असे दिसले तर पहिला आकडा सुरुवातीपासून खेळलेल्या सामन्यांचा आणि दुसरा बदली खेळाडू म्हणून उतरलेल्या सामन्यांचा समजावा.

दुसरी दक्षता अधिक महत्त्वाची आहे. छोट्या तक्त्यांत साधारणतः केवळ लीगचे सामने मोजलेले असतात आणि चषक स्पर्धा, युरोपातील सामने व राष्ट्रीय संघाचे सामने त्यात नसतात. वृत्तपत्रे मात्र बहुधा एकूण आकडा देतात. दोन्ही आकडे खरे असतात, पण एकाच रकान्यात आले की खोटे होतात. व्हार्डीच्या बाबतीत हे मुलांकडून प्रत्यक्ष करवून घेण्यासारखे आहे. लेस्टरसाठी त्याने लीगमध्ये हंगामवार अनुक्रमे ४, १६, ५, २४, १३, २०, १८, २३, १५, १५, ३, १८ आणि ९ गोल केले. यांची बेरीज १८३ होते. बातम्यांत मात्र त्याचे लेस्टरसाठी २०० गोल सांगितले जातात. उरलेले १७ गोल चषक आणि युरोपीय स्पर्धांमधले आहेत. त्याच तेरा हंगामांपैकी पहिले दोन आणि २०२३–२४ हे तीन दुसऱ्या स्तरावरचे असल्यामुळे त्यांतील ३८ गोल वजा केले तर प्रीमियर लीगमधले १४५ उरतात. सातवीतल्या मुलांनी ही बेरीज-वजाबाकी फळ्यावर केली आणि तिन्ही आकडे जुळले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते कोणत्याही स्वाध्यायात मी पाहिलेले नाही. आकडे अशा रीतीने जुळवून पाहिल्याशिवाय शाईने लिहू नयेत.

राष्ट्रीय संघाची ओळ तक्त्याच्या तळाशी वेगळी द्यावी. व्हार्डीने जून २०१५ मध्ये इंग्लंडकडून पदार्पण केले आणि २६ सामन्यांत ७ गोल केले. बचावपटू किंवा गोलरक्षक निवडला असेल तर गोलांचा रकाना काढून टाकावा आणि गोलरक्षकासाठी प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू न दिलेले सामने लिहावेत.

कसा आला

या रकान्यात चारच शब्द पुरतात: घडलेला, विकत, मोफत, उसना. ‘घडलेला’ म्हणजे क्लबच्या बालसंघातून वर आलेला. ‘विकत’ लिहिले तर रक्कम द्यावी, आणि ती पौंडांतच ठेवावी. मुलांना रुपयांत हिशेब करण्याची फार हौस असते. त्यांना ती वहीत पुरी करू द्यावी, पण तक्त्यावर नाही, कारण पंधरा वर्षांपूर्वीच्या रकमेला आजचा दर लावला तर चित्र चुकते. रकमा एकमेकींशी ताडून पाहाव्यात, तेवढे पुरते. व्हार्डीसाठी हॅलिफॅक्सने सुमारे पंधरा हजार पौंड दिल्याचे सांगितले जाते, वर्षभराने फ्लीटवुडने सुमारे दीड लाख आणि त्यानंतर नऊ महिन्यांनी लेस्टरने दहा लाख. शेवटची रक्कम पहिल्या चार स्तरांबाहेरील क्लबाच्या खेळाडूसाठी तोपर्यंत कोणी मोजलेली नव्हती.

‘उसना’ हा प्रकार मुलांना सर्वांत अवघड जातो. खेळाडू एका क्लबाच्या करारात असतो, पगार अनेकदा पूर्णतः वा अंशतः तोच क्लब देत असतो आणि खेळतो मात्र दुसऱ्या क्लबासाठी, ठरलेल्या मुदतीपुरता. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची प्रतिनियुक्ती होते तेव्हा त्याचे नाव मूळ शाळेच्या हजेरीपटावर राहते आणि तो शिकवतो दुसऱ्या शाळेत. उसन्या खेळाडूचे तसेच समजावे. तक्त्यात अशी ओळ थोडी आत सरकवून, बाण काढून लिहावी आणि मूळ क्लबाची ओळ तोडू नये.

यासाठी पीटर क्राउच हा उत्तम नमुना आहे. ३० जानेवारी १९८१ रोजी मॅक्लसफील्ड येथे जन्मलेला, दोन मीटरहून किंचित उंच असलेला हा खेळाडू टॉटनमच्या बालसंघात घडला, पण त्या वेळी पहिल्या संघात खेळला नाही. उसना म्हणून तो थेट स्वीडनमधील एका छोट्या क्लबाकडेही जाऊन आला. साठ हजार पौंडांना क्वीन्स पार्क रेंजर्सने त्याला घेतले. तो क्लब २००१ मध्ये दुसऱ्या स्तरातून खाली गेला आणि क्राउच पोर्टस्मथला गेला. तेथे दुसऱ्या स्तरावर ३७ सामन्यांत १८ गोल केल्यावर हंगाम संपण्याआधीच, मार्च २००२ मध्ये, पहिल्या स्तरावरील ॲस्टन व्हिलाने त्याला उचलले. व्हिलाकडे एकूण ३७ सामन्यांत ६ गोल झाले, आणि मध्येच, २००३ च्या शरद ऋतूत, त्याला नॉरिचला उसने पाठवण्यात आले. नॉरिचने त्या हंगामात दुसरा स्तर जिंकला. पुढे साउथॅम्प्टनला २७ सामन्यांत १२ गोल, तरीही क्लब पहिल्या स्तरातून घसरला, आणि घसरत्या संघातून त्याला लिव्हरपूलने सत्तर लाख पौंडांना नेले. लिव्हरपूलकडे पहिला गोल करायला त्याला डिसेंबर २००५ पर्यंत थांबावे लागले. त्यानंतर पुन्हा पोर्टस्मथ, पुन्हा टॉटनम, मग स्टोक सिटी आणि अखेरीस काही महिने बर्नली. २०१९ मध्ये त्याने निवृत्ती घेतली. इंग्लंडसाठी ४२ सामन्यांत त्याचे २२ गोल आहेत. एकाच क्लबाचे नाव तक्त्यात दोनदा आले म्हणजे लिहिणाऱ्याची चूक झाली असे समजून आमच्या एका मुलीने पोर्टस्मथची दुसरी ओळ खोडून टाकली होती, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

इंग्लंडमध्ये २००२–०३ च्या हंगामापासून खेळाडूंची देवघेव उन्हाळ्यात आणि जानेवारीत अशी दोनच वेळा खुली असते. त्यामुळे नंतरच्या तक्त्यात बदल जानेवारीत झाला असेल तर तो हंगामाच्या मध्यात झाला असे लिहावे आणि ती ओळ दोन भागांत तोडावी. अशा बदलीमागे बहुधा निकड असते: क्लब घसरणीच्या छायेत असतो, किंवा खेळाडूला संघात जागा मिळत नसते.

का गेला

हा रकाना भरताना मुलांना एकेक कारण मोठ्याने सांगायला लावावे. व्हार्डीचा तक्ता आम्ही असाच भरला आणि त्याला तीन संध्याकाळी लागल्या.

सुरुवात शेफील्ड वेन्सडे या क्लबाच्या बालसंघापासून होते. सोळाव्या वर्षी तो लहानखुरा आहे या कारणाने त्याला मोकळे करण्यात आले. येथे तक्त्यात सामना नाही, गोल नाही, त्यामुळे अनेक लेखक ही ओळच गाळतात. ती गाळू नये. आमच्या मैदानावर ठेंगणी मुले बरीच आहेत आणि त्यांनी ही ओळ इतर कोणत्याही ओळीपेक्षा अधिक वेळा वाचली. काही महिने त्याने खेळ सोडला आणि मग शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज या पोलाद कारखान्याच्या गावातील स्टॉक्सब्रिज पार्क स्टील्स या क्लबात तो गेला. २००७ पासून तो पहिल्या संघात होता. स्तर आठवा, मोबदला आठवड्याला तीस पौंड. दिवसा तो कार्बन फायबरचे वैद्यकीय आधारपट्टे बनवणाऱ्या कारखान्यात काम करत असे. आमच्याकडे हिवाळ्यात जिनिंगमध्ये रात्रपाळी करून संध्याकाळी मैदानावर येणारी दोन मुले आहेत. आधारपट्टे म्हणजे काय हे त्यांनी विचारले नाही, पाळी किती तासांची होती हे विचारले.

याच काळात एक डाग आहे. मारहाणीच्या प्रकरणात २००७ मध्ये तो दोषी ठरला आणि सहा महिने पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा बांधून संध्याकाळी ठरलेल्या वेळेला घरी परतण्याचे बंधन त्याच्यावर आले. दूरच्या गावी सामना असला की तो अर्ध्यातून मैदान सोडून घरी निघत असे. अशी गोष्ट भित्तिपत्रकावर लिहावी काय, असा प्रश्न एका पालकांनी मला विचारला होता. मी म्हणालो की एका वाक्यात, कमीजास्त न करता, अवश्य लिहावी. मुलांपासून ती लपवली तर पुढे मोबाइलवर ती त्यांना सापडणारच आहे आणि तेव्हा आमच्या साऱ्या तक्त्यावरचा त्यांचा विश्वास उडेल.

२०१० मध्ये एफसी हॅलिफॅक्स टाउन. जुना हॅलिफॅक्स क्लब कर्जापायी २००८ मध्ये बुडाला होता आणि नव्या नावाने तीन स्तर खालून पुन्हा उभा राहत होता. २०१०–११ मध्ये त्यांनी सातवा स्तर जिंकला. ऑगस्ट २०११ मध्ये फ्लीटवुड टाउनने त्याला नेले आणि त्या हंगामात पाचवा स्तर जिंकून तो क्लब प्रथमच वरच्या ब्याण्णव क्लबांत गेला. मे २०१२ मध्ये लेस्टर. म्हणजे दोन हंगामांत तो पाच पायऱ्या चढला: सातव्यावरून पाचव्यावर, पाचव्यावरून दुसऱ्यावर.

पण तक्त्याच्या पुढच्याच ओळीत, २०१२–१३ मध्ये, केवळ ४ गोल आहेत. ही ओळ भिंतीवर असूनही वाचणारे सहसा ओलांडून जातात, तिथे मुद्दाम थांबावे. त्या हंगामात आपण या स्तरावर खेळण्यायोग्य नाही असे त्याला वाटू लागले होते आणि फुटबॉल सोडण्याचा विचारही त्याच्या मनात आला होता. व्यवस्थापक नायजेल पिअरसन आणि त्यांचे सहायक क्रेग शेक्सपिअर यांनी त्याची समजूत घालून त्याला थांबवले. पुढच्या हंगामात १६ गोल झाले आणि लेस्टरने दुसरा स्तर जिंकला. ‘का गेला’ या रकान्यात या ओळीपुढे आम्ही ‘गेला नाही’ असे लिहिले आहे, आणि त्याचे कारणही. न गेल्याचे कारण नोंदवणे ही या रीतीतली माझी सर्वांत आवडती गोष्ट आहे.

२०१४–१५ मध्ये लेस्टर नाताळच्या वेळी तळाला होते आणि शेवटच्या नऊपैकी सात सामने जिंकून चौदाव्या क्रमांकावर राहिले. त्याच्या पुढच्या हंगामात क्लाउदिओ रानिएरी यांच्या हाताखाली याच संघाने ८१ गुणांसह प्रीमियर लीग जिंकली. व्हार्डीचे २४ गोल होते आणि त्यात सलग अकरा सामन्यांत गोल करण्याचा विक्रम होता, जो २८ नोव्हेंबर २०१५ रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पूर्ण झाला. २०१६ च्या उन्हाळ्यात आर्सेनलने त्याच्या करारात ठरलेली सुटकेची रक्कम देऊ केली, पण तो गेला नाही. येथेही ‘गेला नाही’. २०१९–२० मध्ये २३ गोल करून तेहेतिसाव्या वर्षी तो लीगमधला सर्वाधिक गोल करणारा ठरला, मे २०२१ मध्ये लेस्टरने चेल्सीला १–० ने हरवून एफए चषक जिंकला, आणि २०२३ मध्ये क्लब घसरला. घसरणीनंतर अनेकांनी क्लब सोडला, तो मात्र दुसऱ्या स्तरावर थांबला आणि २०२३–२४ मध्ये १८ गोल करून क्लबासह वर आला. पुढच्या वर्षी क्लब पुन्हा घसरला. १८ मे २०२५ रोजी इप्सविचविरुद्ध आपल्या पाचशेव्या सामन्यात दोनशेवा गोल करून त्याने लेस्टरचा निरोप घेतला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो इटलीतील क्रेमोनेझे या क्लबाकडे गेला. कसा आला: मोफत.

नावे लिहिताना

इंग्लंडमधील गावांची नावे अक्षरे पाहून देवनागरीत लिहू नयेत, ऐकून लिहावीत. लेस्टर, ग्लॉस्टर, नॉरिच, डार्बी, रेडिंग, बर्मिंगम, टॉटनम, फुलम, मिडल्झब्रा असे उच्चार आहेत. ‘लीसेस्टर’ आणि ‘नॉर्विच’ सर्रास छापले जातात, तरी आपण नीट लिहावे. परक्याने आपल्या गावाचे नाव वाकडे लिहिले की कसे वाटते हे आमच्या भागाला ठाऊक आहे. इंग्रजांनी वणीचे ‘वून’ केले होते आणि जिल्हाही बरीच वर्षे त्याच नावाने ओळखला जात होता.

तक्त्याखालचा मजकूर

तक्त्याखाली दोनशे-अडीचशे शब्दांचा मजकूर द्यावा. जन्म, बालसंघ, क्लब, राष्ट्रीय संघ आणि निवृत्ती असा सरळ क्रम ठेवावा. ‘महान’, ‘अफाट’, ‘झंझावाती’ यांसारखी विशेषणे काढून टाकावीत. त्यांच्या जागी एखादा सामना, एखादी तारीख किंवा एखादी रक्कम येते. ज्या गोष्टीला दोन ठिकाणांहून दुजोरा मिळत नाही ती लिहू नये.

आपल्या मैदानाची वही

गेल्या दोन वर्षांपासून आम्ही हेच सात रकाने आमच्या मुलांसाठीही आखले आहेत. वही जाड पुठ्ठ्याची घ्यावी आणि ती वाचनालयाच्या कपाटात ठेवावी, कोणाच्या घरी नाही. हंगाम पोळ्यापासून मोजावा, कारण त्याआधी पेरणी, डवरणी आणि निंदण यांत मुले अडकलेली असतात आणि मैदानही खेळण्याजोगे नसते. स्तराच्या जागी शाळा, तालुका, जिल्हा असे लिहावे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच नोंद करावी, आठवड्याने आठवणी बदलतात आणि प्रत्येकाचे गोल वाढतात.

‘का गेला’ हा रकाना मात्र येथे अधिक जपून भरावा. मुलाला विचारून, त्याच्या शब्दांत, आणि त्याची संमती असेल तेवढेच लिहावे. आमच्या वहीत आजवर सोळा नावांपुढे तो रकाना भरला आहे. त्यात ‘आयटीआयला नागपूर’, ‘बहिणीचे लग्न, पुण्याला कामावर’, ‘गुडघा’, ‘वडिलांसोबत शेतात’ अशा नोंदी आहेत. दोन नावांपुढे ‘कसा आला’ हा रकाना दुसऱ्यांदा भरला गेला, कारण ती मुले दिवाळीनंतर परतली. त्यांच्यासाठी, क्राउचच्या पोर्टस्मथप्रमाणे, नवी ओळ घेतली आहे.

जो खेळाडू अजून खेळतो आहे त्याची शेवटची ओळ पेन्सिलने लिहावी आणि तिच्याखाली चार बोटे जागा मोकळी ठेवावी.